काझींचा कैदी

इब्न बतूता १३२६च्या ऑगस्टमध्ये दमास्कसला पोचला. मराठी वाचकाला हा मुसाफिर परका नाही. पुढे तो दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या चाकरीत काझी झाला, दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला आणि मराठ्यांच्या मुलखाविषयीही लिहून ठेवलं. दमास्कसबद्दल त्याने एक किस्सा सांगितला आहे. शुक्रवारी उमय्यद मशिदीत एक हंबली विद्वान प्रवचन देत होता. ईश्वर आकाशातून खाली उतरतो तो मी आता उतरतो तसा, असं म्हणून तो मिंबरची, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाची, एक पायरी खाली आला. एका मालिकी पंडिताने उठून हरकत घेतली, तर जमावाने त्या पंडितालाच बडवून काढलं. हा विद्वान म्हणजे इब्न तैमिया. माणूस मोठ्या विद्येचा, पण डोक्याने थोडा सैल, असा शेरा इब्न बतूताने मारला आणि तो पुढे शतकानुशतकं चालत राहिला.

अडचण तारखांची आहे. इब्न तैमियाला त्याच वर्षी जुलैमध्ये दमास्कसच्या किल्ल्यात कोंडलं होतं आणि तिथून तो जिवंत बाहेर आलाच नाही. इब्न बतूता शहरात शिरला तेव्हा मिंबरवर दुसरा कोणीही असेल, हा नव्हता. शिवाय ईश्वराचं उतरणं माणसाच्या उतरण्यासारखं नाही, हे तर त्याने स्वतःच पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. प्रवासवर्णन सांगितलं गेलं तीस वर्षांनी, मोरोक्कोत. तेव्हा ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसली असावी. या माणसाच्या बाबतीत असं नेहमीच होत आलं. त्याचं नाव घेणारे उदंड, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याचं म्हणणं अर्ध्यावर सोडलेलं.

तकीउद्दीन अहमद इब्न तैमियाचा जन्म जानेवारी १२६३मधला, हर्रानचा. हे गाव आज तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेलगत येतं. आजोबा आणि वडील दोघेही हंबली विधिपंथाचे नावाजलेले पंडित. पाच वर्षांपूर्वीच मंगोलांनी बगदाद लुटून खलिफाला मारलं होतं आणि हर्रानवर त्यांच्या स्वाऱ्यांची टांगती तलवार होती. १२६९मध्ये या कुटुंबाने गाव सोडलं. ओढायला जनावरं मिळेनात, तरी ग्रंथांनी भरलेली गाडी त्यांनी मागे टाकली नाही. वाटेत ती अडली, पाठीवर शत्रू, आणि कसेबसे ते दमास्कसला पोचले. दोन वर्षांत मंगोलांनी हर्रानची उरलीसुरली वस्ती उठवून गाव ओस पाडलं. सहा वर्षांच्या मुलाला मंगोल म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

दमास्कस तेव्हा मामलूक सुलतानांच्या ताब्यात होतं. राजधानी कैरो. मामलूक म्हणजे लहानपणी विकत घेतलेले, लष्करी शिक्षण देऊन तयार केलेले तुर्क गुलाम. त्यांच्यातलेच सरदार आणि त्यांच्यातलाच सुलतान. अरबी जनतेवर परभाषिकांचं राज्य चालवायचं तर धर्मशास्त्र्यांचा आधार हवा. सुलतान बैबर्सने १२६५मध्ये हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली या चारही विधिपंथांचे वेगवेगळे मुख्य काझी नेमले. सगळ्यांना मान मिळाला, सगळे सरकारच्या पगारावर आले. इब्न तैमियाची उभी हयात या व्यवस्थेशी भांडण्यात गेली. वडील वारल्यावर विशीतच तो त्यांच्या जागी शिकवू लागला. काझीपद मात्र त्याने कधी घेतलं नाही. लग्नही केलं नाही.

पहिली कैद तिशीतली. पैगंबरांची निंदा केल्याचा आरोप असलेल्या एका ख्रिस्ती माणसाला एका अरब सरदाराने आश्रय दिला, तेव्हा इब्न तैमिया जमाव घेऊन सरकारी वाड्यावर गेला, दगडफेक झाली आणि त्याला अटक झाली. सुटल्यावर त्याने निंदकाला देहदंडच हवा असं सांगणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. या माणसाला उदारमतवादी ठरवण्याची घाई करणाऱ्यांनी हा ग्रंथ आधी चाळावा. लेबनॉनच्या कस्रवान डोंगरातल्या शिया आणि इतर पंथीयांवर १३०५मध्ये मामलूक फौज चालून गेली. त्या मोहिमेला त्याचा नुसता पाठिंबा नव्हता, तो स्वतः बरोबर गेला होता. नुसैरी पंथाविरुद्धचा त्याचा फतवा आजही अंगावर काटा आणतो.

आणि हाच माणूस १३००मध्ये मंगोलांच्या छावणीत ख्रिस्ती आणि ज्यू कैद्यांसाठी भांडत होता.

झालं असं, की १२९९च्या डिसेंबरात इराणचा मंगोल इलखान गाझान याने होम्सजवळ मामलूक फौजेचा धुव्वा उडवला. दमास्कसमधले बडे अधिकारी आणि काझी इजिप्तकडे पळाले. मागे राहिलेल्यांनी एक शिष्टमंडळ गाझानला भेटायला पाठवलं, त्यात इब्न तैमिया होता. गाझानने चार वर्षांपूर्वी इस्लाम स्वीकारला होता, छावणीत नमाज होत होती. मुसलमान म्हणवतोस तर मुसलमानांची शहरं का लुटतोस, हे त्याच्या तोंडावर ऐकवल्याच्या कथा शिष्यांनी रंगवून सांगितल्या आहेत. त्यातला मीठमसाला सोडून दिला तरी शहराला अभय मिळालं, एवढं खरं. ते पुरतं पाळलं गेलं नाही. उपनगरं लुटली गेली, माणसं धरून नेली. किल्लेदार अर्जुवाशने मात्र किल्ला शेवटपर्यंत दिला नाही. कैदी सोडवायला इब्न तैमिया मंगोल सेनापतींकडे खेपा घालत राहिला. मुसलमान तेवढे सोडतो, असं उत्तर आलं. मुसलमानांच्या संरक्षणाखाली राहणारे ख्रिस्ती आणि ज्यूही सोडले पाहिजेत, असा त्याने हट्ट धरला. सायप्रसच्या ख्रिस्ती राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच ही हकिकत सांगितली आणि तुझ्याकडच्या मुसलमान कैद्यांना नीट वागव, असं बजावलं. हे औदार्य मोकळ्या मनाचं नव्हतं, कायद्याचं होतं. ज्यांच्या रक्षणाची हमी दिली ते सुटलेच पाहिजेत. त्याला पंथभेद सोसत नसे, पण दिलेला शब्द मोडलेलाही सोसत नसे.

मंगोल पुन्हा येणार अशी आवई उठली की शहर रिकामं होऊ लागे. एकदा तो थेट कैरोला गेला आणि सुलतानाने सीरिया राखला नाही तर आम्ही दुसरा सुलतान पाहू, अशा भाषेत त्याने दरबाराला फौज पाठवायला भाग पाडलं. सैनिकांपुढचा खरा पेच वेगळाच होता. समोरचेही मुसलमान, मग लढायचं कसं? त्याने फतवा दिला की नुसता कलमा म्हणून भागत नाही. चंगीझखानाचा यासा हाच ज्यांचा कायदा, जे इस्लामचे ठळक नियम पाळत नाहीत आणि मुसलमानांवर शस्त्र उगारतात, त्यांच्याशी लढणं कर्तव्य आहे. एप्रिल १३०३मध्ये दमास्कसच्या दक्षिणेला मर्ज अस्सुफ्फरच्या मैदानात गाठ पडली. रमजान नुकताच लागला होता. लढणाऱ्याने उपास सोडावा असं सांगून तो सैनिकांच्या रांगांतून हातात खाणं घेऊन खात हिंडला, म्हणजे कोणाच्या मनात शंका उरायला नको. मंगोल हरले. हा त्याच्या लोकप्रियतेचा कळस.

काझींची मर्जी मात्र तेव्हाच फिरली होती. ईश्वराचे हात, त्याचं सिंहासनावर असणं, असे कुराणातले उल्लेख रूपकात्मक मानायचे, असा त्या काळच्या प्रस्थापित अशअरी धर्मपंडितांचा रिवाज. इब्न तैमिया म्हणे, मूळ शब्द आहे तसा स्वीकारा. कसं, हे विचारू नका आणि माणसाशी तुलनाही करू नका. विरोधकांना यात ईश्वराला देह चिकटवल्याचा वास आला. १३०६च्या सुमारास दमास्कसला सुभेदाराच्या वाड्यात चौकशीच्या बैठका झाल्या. त्यात तो निभावला. मग कैरोला बोलावणं आलं. तिथे आरोप वाचल्यावर त्याने विचारलं, निवाडा कोण करणार? मालिकी काझी इब्न मखलूफ. वादीच न्यायाधीश कसा, असा त्याचा सवाल. उत्तर देण्याऐवजी इब्न मखलूफने त्याला दोघा भावांसह किल्ल्यात डांबलं. दीड वर्षाने एका अरब अमीराच्या रदबदलीने सुटका झाली. घरी परतण्याऐवजी तो कैरोतच राहिला आणि दमास्कसला आईला पत्र पाठवून दूर राहावं लागल्याबद्दल क्षमा मागितली.

पुढच्या तक्रारी सूफींच्या. तो सूफीमार्गाचा वैरी होता ही समजूत आजही ठाम आहे. वास्तविक जुनैद, अब्दुल कादिर जीलानी या सूफींविषयी तो आदराने लिहितो, जीलानींच्या ग्रंथातल्या काही भागावर त्याने भाष्यही केलं. त्याचं वैर इब्न अरबी या सूफी विचारवंताच्या अद्वैताशी आणि संतांकडे नवस बोलण्याशी. इजिप्तमध्ये दोन्ही गोष्टींना दरबारी आश्रय होता. १३०९मध्ये बैबर्स जाशनकीर या सरदाराने गादी बळकावली, त्याचा गुरू इब्न अरबीचा भक्त. इब्न तैमियाची रवानगी अलेक्झांड्रियाला नजरकैदेत झाली.

तिथे त्याच्या हातून वेगळंच काम सुरू झालं. ग्रीक तत्त्वज्ञांपुढे मान तुकवणारा कोणी भेटला आणि ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचं खंडन लिहावंसं वाटलं, असं तो सांगतो. गझालीने दोनशे वर्षांपूर्वी तत्त्वज्ञांना झोडपलं, पण त्यांचं तर्कशास्त्र ठेवून घेतलं होतं. याने मुळावरच घाव घातला. व्याख्येने वस्तू कळते हे खोटं, तो म्हणतो. आधी वस्तू ठाऊक असते, व्याख्या नंतर जुळवली जाते. सामान्य फक्त मनात असतं, बाहेर असतात त्या एकेक वस्तू. सगळी माणसं मर्त्य आहेत हे आधीच माहीत असेल तर अमुक माणूस मर्त्य आहे हा निष्कर्ष नवं काय सांगतो? आणि माहीत नसेल तर ते विधान केलं कशाच्या बळावर? पाश्चात्त्य तर्कशास्त्राचे अभ्यासक हा आक्षेप जॉन स्टुअर्ट मिलच्या नावावर लावतात. पाच शतकं आधी तो एका नजरकैदी मुल्लाने मांडला होता. मला या माणसाचं सगळ्यात टिकाऊ काम हेच वाटतं, आणि त्याच्या नावाने झेंडे नाचवणाऱ्यांनी नेमकं हेच वाचलेलं नसतं.

१३१०मध्ये सुलतान नासिर मुहम्मद पुन्हा गादीवर आला. ज्या काझींनी बैबर्स जाशनकीरला साथ दिली त्यांना मारायचं त्याच्या मनात होतं, आणि इब्न तैमियाला त्याने मोठ्या मानाने बोलावून त्यासाठी फतवा मागितला. सूड घ्यायला यापेक्षा सोयीची वेळ कुठली? त्याने नकार दिला. या लोकांना मारलंस तर असे विद्वान पुन्हा मिळणार नाहीत, माझ्यापुरता मी त्यांना माफ केलं आहे, असं त्याने सुलतानाला सांगितलं. आम्ही याच्यावर उठलो तेव्हा आमचं काही चाललं नाही आणि याच्या हातात आम्ही सापडलो तर याने सोडून दिलं, अशी कबुली नंतर इब्न मखलूफनेच दिली.

१३१३मध्ये तो दमास्कसला परतला आणि तिथे त्याने असा एक विषय हाती घेतला ज्याचे धागे आजही तुटलेले नाहीत. चारही विधिपंथांत एका दमात तीन वेळा तलाक म्हटला की तीन तलाक झाले, लग्न कायमचं मोडलं, असा निकाल रूढ होता. त्याच्या जोडीला तलाकची शपथ होती. मी अमुक केलं नाही तर माझ्या बायकोला तलाक, असं बाजारात माल विकताना, भांडणात, गप्पांतही लोक म्हणून जात. शब्द मोडला की संसार मोडला. मग परत एकत्र यायला बाईने दुसऱ्याशी तात्पुरतं लग्न लावायचं, त्याने सोडायचं, की पहिल्याकडे यायचं. या नाटकावर इब्न तैमियाने आधीच एक ग्रंथ लिहून आग ओकली होती. आता त्याने मूळच कापलं. एका बैठकीतले तीन तलाक म्हणजे एकच, म्हणजे नवऱ्याला मागे फिरायला वाव आहे. आणि तलाकची शपथ ही फक्त शपथ. मोडली तर प्रायश्चित्त घ्यावं, गरिबांना जेवू घालावं, बायकोचा त्यात काय संबंध?

घरगुती वाटणारा हा प्रश्न सरकारला का झोंबला? कारण मामलूक राज्यात सरदार आणि अंमलदार सुलतानाशी निष्ठेची शपथ घेत ती तलाकच्याच नावाने. बेइमानी केली तर बायका सुटल्या. ही धमकीच पोकळ ठरली तर शपथेला काय किंमत उरली? शिवाय पैगंबरांनंतरच्या पिढ्यांचं या मुद्द्यावर एकमत आहे, असं चारही काझी मानत. ते मोडायला एकटा माणूस उभा राहतो म्हणजे सगळ्या डोलाऱ्यालाच आव्हान. एकमत नव्हतंच, सुरुवातीच्या काळी तीनचा एकच धरत, असे दाखले तो काढून दाखवत राहिला. या विषयावर फतवा देऊ नये असा १३१८मध्ये सुलतानाचा हुकूम सुटला. हुकमामुळे विद्या लपवता येत नाही, म्हणून तो देतच राहिला. १३२०-२१मध्ये पाच महिने किल्ल्यात काढले.

शेवटच्या कैदेचं निमित्त एक जुना, दीड दशकापूर्वीचा फतवा झाला. केवळ कबरीचं दर्शन हाच हेतू धरून प्रवासाला निघू नये, असं त्यात होतं. कबरीपाशी जाऊन मृतासाठी प्रार्थना करण्याला त्याचा विरोध नव्हता. कैरोत मात्र बातमी पोचली ती पैगंबरांच्या कबरीचं दर्शनच हा पापाचं म्हणतो अशी. जुलै १३२६मध्ये तो किल्ल्यात गेला. शिष्य इब्न कय्यिमलाही धरलं. आत राहून त्याने कैरोच्या मालिकी काझीला असं झणझणीत उत्तर लिहिलं की १३२८च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुस्तकं, कागद, शाई, सगळं काढून नेण्यात आलं. मग त्याने कोळशाने लिहिलं. २६ सप्टेंबर १३२८ला तो गेला. सहा कैदा, मिळून सहा वर्षांहून जास्त.

अंत्ययात्रेला दमास्कसचे बाजार बंद झाले. साठ हजारांपासून दोन लाखांपर्यंत पुरुष आणि पंधरा हजार बायका होत्या, असे आकडे शिष्य इब्न कथीरने नोंदवले आहेत. फुगवलेले असले तरी शहर लोटलं होतं यात शंका नाही. लोकांनी तिरडीवर रुमाल फेकले, अंघोळीचं उरलेलं पाणी प्यायले, त्याची टोपी पाचशे दिरहमला गेल्याचं सांगतात. उवा होऊ नयेत म्हणून गळ्यात बांधलेला पाऱ्याचा दोराही विकला गेला. संतांच्या नावाने चालणाऱ्या नेमक्या याच भाबडेपणावर त्याने लेखणी झिजवली होती. दफन झालं सूफींच्या कबरस्तानात.

हिंदुस्थानात त्याच्या नावाचा पहिला माग इब्न बतूताकडेच सापडतो. इब्न तैमियाचा शिष्य अब्दुल अझीझ अर्दबीली मुहम्मद तुघलकाच्या दरबारी आला आणि अब्बासी खलिफांच्या वंशाची महती सांगणारी वचनं त्याने ऐकवली. सुलतान इतका खूश झाला की त्याने त्याचे पाय चुंबले आणि सोन्याच्या तबकात दोन हजार टंके दिले. इब्न तैमियाच्या विचारामुळेच तुघलक सूफींवर रुष्ट झाला, असं काही इतिहासकार मानतात. मला ते ओढून ताणून वाटतं. त्या सुलतानाला कोणाशी बिनसायला सीरियातून कारण मागवावं लागत नव्हतं.

त्यानंतर बराच काळ तो फार थोड्यांनी वाचलेला लेखक राहिला. अठराव्या शतकात अरबस्तानच्या नज्द भागात मुहम्मद बिन अब्दुल वहाबने त्याच्या कबरविरोधाला तलवारीची धार लावली, १७४४मध्ये सौद घराण्याशी करार केला आणि पुढे घुमट पाडले गेले. एकोणिसाव्या शतकात बगदादचं आलूसी घराणं आणि भोपाळचे नवाब सिद्दीक हसन खान यांनी त्याच्या लिखाणाला पुन्हा उजेडात आणलं. विसाव्या शतकात सौदी अरेबियात त्याच्या फतव्यांचे ३७ खंड निघाले. मौलाना आझादांनी रांचीच्या नजरकैदेत लिहिलेल्या ‘तझकिरा’मध्ये त्याला भरभरून दाद दिली, कारण त्यांना त्याच्यात सत्तेपुढे न वाकणारा कैदी दिसला. नगरच्या किल्ल्यातली त्यांची कैद अजून पुढे होती.

कैरोतल्या अब्दुस्सलाम फरज या जहाल क्रांतिकारकाला मात्र त्याच्या फतव्यांत मंगोल दिसले. शरियतऐवजी परका कायदा चालवणारा मुसलमान राजा आणि गाझान यांत फरक काय, असा युक्तिवाद त्याने एका पुस्तिकेत केला आणि ६ ऑक्टोबर १९८१ला त्याच्या गटाने इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांचा खून केला. अल अझहरच्या पंडितांनी त्यावर मुद्देसूद उत्तर दिलं, पण उत्तरं गोळीइतकी लांब जात नाहीत. स्वतः इब्न तैमियाचं मत काय होतं? जुलमी सुलतानाविरुद्धही बंड करू नये, कारण बंडातून होणारा नाश जुलमापेक्षा मोठा असतो. कैदेत टाकणाऱ्या सरकारविरुद्ध त्याने कधी जमाव उठवला नाही, आणि दमास्कसमध्ये जमाव त्याच्या एका शब्दावर उठला असता.

मार्दिनच्या फतव्याची गत आणखी वाईट झाली. मंगोलांच्या अंमलाखालच्या त्या शहरात मुसलमान राहत, ते युद्धभूमी मानायचं की इस्लामची भूमी, असा प्रश्न होता. दोन्ही नव्हे, तो म्हणाला, ही संमिश्र भूमी आहे. मुसलमानाशी त्याच्या हक्काप्रमाणे वागावं, आणि शरियतबाहेर जाणाऱ्याशीही त्याला साजेसं वागावं. १९०९च्या छापील आवृत्तीत या शेवटच्या वाक्यातल्या ‘वागावं’च्या जागी ‘लढावं’ पडलं. अरबीत दोन अक्षरांचा फरक. हस्तलिखित दमास्कसच्या झाहिरिया ग्रंथालयात होतंच, शिष्य इब्न मुफलिहच्या ग्रंथातही मूळ पाठ होता, पण बॉम्ब बांधणाऱ्यांनी छापील प्रत उचलली. २०१०मध्ये मार्दिनमध्येच जमलेल्या विद्वानांनी पाठ दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं.

तलाकचा फतवा मात्र कोणा क्रांतिकारकाच्या हाती लागला नाही, तो वकील आणि खासदारांच्या हाती लागला. इजिप्तने १९२९च्या कायद्यात तीनचा एक धरला आणि तलाकच्या शपथा रद्द ठरवल्या. आपल्याकडे हमीद दलवाईंनी १९६६च्या एप्रिलमध्ये सात बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तो शास्त्रार्थ करायला नव्हे; त्यांना फतव्याची नव्हे, सर्वांना सारख्या कायद्याची दाद हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक २२ ऑगस्ट २०१७ला तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. पण त्याआधीची कित्येक दशकं भारतात हनफी घरातला नवरा रागाच्या भरात तीनदा बोलून बसला आणि दुसऱ्या दिवशी पस्तावला, तर त्याची पावलं गुपचूप इब्न तैमियाचं हे मत मानणाऱ्या अहले हदीस पंथाच्या मुफ्तीकडे वळत. तिथे तीनचा एक असा लेखी निकाल मिळे. ज्या मुल्लाने आदल्या दिवशी लग्न मोडल्याचं सांगितलं, त्याच्याच मोहल्ल्यात तो कागद घेऊन नवरा-बायको पुन्हा एका घरात राहत.